घरासाठी डिफ्युझर घेताय? आधी घर बघा, पाणी बघा, मग मशीन बघा

वास्तुशांतीला काय द्यायचं हा प्रश्न पूर्वी भिंतीवरचं घड्याळ नाहीतर डिनर सेट देऊन सुटायचा, आता त्याची जागा डिफ्युझरने, म्हणजे सुगंधी तेलाचा वास घरभर पसरवणाऱ्या मशीनने घेतलीये. आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या गिफ्टच्या दुकानात एक अख्खं कपाट त्याचंच असतं, एक सात रंगांत चमकतोय, एकातून ज्वाळेसारखी वाफ निघतेय, एक म्हणे लाकडाचा आहे (लाकूड कसलं, प्लॅस्टिकवर लाकडाची प्रिंट असते बहुतेकदा), आणि आपण दिसायला भारी तो उचलतो. सुरुवातीला हौसेने रोज लागतो, मग शोकेसमध्ये जाऊन बसतो. विचारलं की "वेळ कुठे मिळतो" असं उत्तर येतं, पण खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की त्याची टाकी धुवायला कटकटीची असते किंवा घरात कुणाचं तरी त्या वासाने डोकं धरतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते, जो डिफ्युझर तुम्ही न कंटाळता धुवाल तोच चांगला डिफ्युझर, आणि मशीनवर वाचवलेले पैसे तेलावर घाला.

आता मुळात घ्यायचा कशासाठी हे एकदा स्वतःला विचारा. घरात छान वास यावा, संध्याकाळी जरा बरं वाटावं, एवढंच असेल तर जरूर घ्या. पण स्वयंपाकघरातला वास घालवायला घेत असाल तर थांबा. मिसळीची तर्री टाकली किंवा सुके बोंबील भाजले की तो वास डिफ्युझरने जात नाही, फक्त बोंबील प्लस लव्हेंडर असं काहीतरी तिसरंच तयार होतं. त्याला एक्झॉस्ट फॅन आणि उघडी खिडकी हाच उपाय. तसंच डिफ्युझर म्हणजे एअर प्युरिफायर नव्हे, उलट तो हवेत काहीतरी सोडतोच, घरात प्युरिफायर असेल तर त्याच्या शेजारी डिफ्युझर लावून बघा, प्युरिफायरवरचा हवेतल्या कणांचा आकडा वर चढतो की नाही ते. आणि डासांचं म्हणाल तर सिट्रोनेला नावाच्या गवताच्या तेलाने थोडा वेळ फरक वाटेल पण पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका, मच्छरदाणी आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी ओतून देणं हेच खरं.

दुसरी गोष्ट, जी दुकानदार कधीच विचारत नाही, ती म्हणजे घरात कोण कोण आहे. दमा असलेलं माणूस असेल तर कुठलंही तेल, कितीही शुद्ध असू दे, त्रास देऊ शकतं, तिथे आधी डॉक्टरांना विचारा. फिट्स येणारं कुणी असेल तर कापूर आणि निलगिरी ही दोन तेलं घरात हवेत सोडूच नयेत, ह्या दोन्हींनी फिट येऊ शकते. तान्हं बाळ असेल तर मी म्हणेन सध्या राहूच द्या, आणि थोडी मोठी मुलं असली तरी पेपरमिंट, निलगिरी असली झोंबणारी तेलं मुलांच्या खोलीत नकोत. गरोदर बाईने पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मांजर हा वेगळाच विषय. मांजराच्या लिव्हरमध्ये ही तेलं पचवून बाहेर टाकायला जे एन्झाइम लागतं ते जवळपास नसतंच, त्यामुळे टी ट्री, पेपरमिंट, निलगिरी, लवंग, दालचिनी, लिंबू-संत्र्याची तेलं तिला विषारी ठरू शकतात, आणि ती अंगावर बसलेले बारीक थेंब चाटून साफ करते म्हणजे पोटात पण जातं. लव्हबर्ड्स वगैरे पक्ष्यांची फुप्फुसं त्याहून नाजूक. मांजर किंवा पक्षी असेल तर डिफ्युझरचा विचार सोडलेला बरा, आणि अगदीच हवा असेल तर तो प्राणी जिथे येत नाही अशी बंद खोली पाहिजे.

हे सगळं ओलांडून तुम्ही अजून वाचताय म्हणजे घ्यायचाय हे नक्की. मग आता प्रकार.

सगळ्यात जास्त विकला जातो तो अल्ट्रासोनिक. टाकीत पाणी, त्यात तेलाचे चार थेंब, खाली एक छोटी गोल चकती असते, नखाएवढी नाहीतर थोडी मोठी, ती सेकंदाला १७ ते २४ लाख वेळा थरथरते आणि त्याने पाण्याचं बारीक धुकं होतं, ते एक छोटा पंखा वर ढकलतो. गरम काही होत नाही, हात धरला तर गारच लागतं. तेल कमी लागतं, आवाज कमी, किंमत साधारण सातशे-आठशेपासून अडीच हजारापर्यंत. लाइट बिलाची काळजी करू नका, १२ वॉटचा डिफ्युझर रोज दोन तास लावला तर महिन्याला पाऊण युनिटसुद्धा होत नाही. साध्या घरासाठी हाच घ्या, ह्यात फार विचार करण्यासारखं नाही, विचार करायचा तो ह्यातला कुठला.

नेब्युलायझिंग म्हणून एक प्रकार आहे, त्यात पाणी नसतं, हवेच्या जोरावर थेट तेलाचेच बारीक कण उडवतात, काचेचं नळकांडं असतं वर. वास एकदम दणकट येतो आणि मोठ्या हॉलला पुरतो, पण आवाज करतो, महाग असतो आणि तेल पितो अक्षरशः. स्पा किंवा हॉटेलच्या लॉबीला ठीक आहे, आपल्या १० बाय १२ च्या बेडरूममध्ये डोकं उठेल. आणि एक महत्त्वाचं, नाव सारखं आहे म्हणून सांगते, बाळाला कफ झाला की डॉक्टर ज्या नेब्युलायझरने औषध द्यायला सांगतात ते मशीन वेगळं, त्यात चुकूनसुद्धा कुठलंही तेल टाकायचं नाही. ते थेट फुप्फुसात जातं आणि तिथे तेल गेलं की प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं.

मग येतात गरम करणारे. मातीचा किंवा सिरॅमिकचा छोटा दिवा, खाली मेणबत्ती, वर वाटीत पाणी आणि तेल. दीडशे-दोनशेला मिळतो आणि दिसतो छान, मला स्वतःला तो आवडतो, पण मेणबत्ती पेटवून झोपायचं नाही आणि वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही. लाइटवर चालणारी कापूरदाणी तर आता घरोघरी आहेच, प्लगला लावायची, वर कापराची वडी ठेवायची. काही जण तीच तेलाला पण वापरतात, चालते, फक्त वाटीत थोडं पाणी ठेवा, नुसतं तेल तापून जळका वास येतो. उलटं मात्र करू नका, म्हणजे कापराची वडी चुरून अल्ट्रासोनिकच्या टाकीत टाकायची नाही, कापूर पाण्यात विरघळतच नाही, चकतीवर जाऊन बसतो आणि वाफ बंद. आणि कापूर भीमसेनी असो की साधा, पोटात गेला तर लहान मुलांना थोडासुद्धा घातक आहे, फिट येते, म्हणून देवघरातली डबी वर ठेवा, रांगणारं मूल असेल तर फारच वर.

रीड डिफ्युझर, म्हणजे बाटलीत काड्या खोचलेल्या, बाथरूमला किंवा दाराजवळच्या टेबलवर मस्त. वीज नाही, पाणी नाही, आठवड्यातून एकदा काड्या उलट्या केल्या की झालं. फक्त त्या बाटलीतलं जे लिक्विड असतं त्यात वेगळं सॉल्व्हंट असतं, संपत आलं म्हणून ते मशीनमध्ये ओतू नका.

आता पाण्याकडे येऊ, कारण नाशिकमध्ये खरा घोळ इथे होतो. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येतं तिथे तितका त्रास नाही. पण पाथर्डी फाटा म्हणा, आडगावकडचं म्हणा, नवीन सोसायट्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळलेलं असतं, आणि बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाला पांढरं धरतं ना, तेच. अल्ट्रासोनिक मशीन पाणी उकळत नाही, आहे तसं फोडून हवेत उडवतं, म्हणजे पाण्यातले क्षार पण हवेत उडतात. हिशोब करून बघा, पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम तो आकडा, ५०० असेल तर ३०० मिलीच्या एका टाकीत १५० मिलिग्रॅम क्षार, ते सगळे तुमच्या खोलीत. टीव्हीच्या काळ्या काचेवर दोन दिवसात पांढरी बारीक पावडर दिसते ती धूळ नाही, हेच आहे, आणि आपण ते श्वासातून पण घेतोय. म्हणून आरओचं पाणी वापरा, ५० च्या आसपास टीडीएस असेल तर तेच १५ मिलिग्रॅमवर येतं. आरओचं वाया जाणारं पाणी आपण बादलीत भरून फरशीला वापरतो, ते मात्र टाकू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. आरओ नसेल तर पाणी उकळून, गार करून, वरचं वरचं गाळून घ्या, थोडा तरी फरक पडतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर काही जण घालतात, पण काही मशीनच्या माहितीपत्रकात साधं नळाचंच पाणी घाला असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते एकदा वाचून घ्या.

ऋतूप्रमाणे पण फरक पडतो. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की लोकांना वाटतं डिफ्युझर लावला की ओलावा येईल. नाही येत, निदान म्हणावा तसा नाही. डिफ्युझर तासाला पंचवीस-तीस मिली पाणी उडवतो, खरा ह्युमिडिफायर दोनशे-तीनशे. दोन्ही कामं एकात पाहिजेत असं वाटून ह्युमिडिफायर घेतला आणि त्यात तेल टाकलं तर तेही चुकीचं, सगळ्या ह्युमिडिफायरचं प्लॅस्टिक तेलासाठी नसतं, तडे जातात. कूलरच्या टाकीत तेल टाकायची आयडिया पण काढून टाका डोक्यातून, पंपाची आणि जाळीची वाट लागते. पावसाळ्यात उलटं. त्र्यंबक रोडच्या बाजूला तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना आधीच ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी, त्यात बंद खोलीत रोज धुकं सोडायचं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्या चार महिन्यांत काड्यांची बाटली किंवा मातीचा दिवा बरा. थंडीत आपण खिडक्या गच्च बंद करून झोपतो, तेव्हा डिफ्युझर रात्रभर चालू ठेवायचा मोह होतो, ते नको, झोपायच्या आधी अर्धा तास लावा आणि बंद करा, खिडकीला बोटभर फट ठेवा.

टाकी किती मोठी पाहिजे? १०० मिलीची टाकी सलग तीन-चार तास चालते, ३०० ची दहा तासांच्या आसपास. पण तुम्हाला दहा तास चालवायचाच नाहीये, अर्धा ते एक तास पुरतो, त्यानंतर नाकाला सवय होते आणि आपल्याला वाटतं वास गेला म्हणून आपण अजून थेंब टाकतो, आणि बाहेरून आलेला माणूस दारातच खोकतो. म्हणून सिडकोतल्या वन बीएचकेच्या खोलीला १०० ची भरपूर झाली, गंगापूर रोडकडच्या मोठ्या हॉलला ३०० घ्या, ५०० ची कशाला लागते मला अजून समजलेलं नाही, उरलेलं पाणी साचून राहतं फक्त. टाकीच्या आकारापेक्षा एक सेटिंग बघा, थांबून थांबून चालणारं, तीस सेकंद चालू तीस सेकंद बंद असं काहीतरी, त्याने तेल वाचतं आणि वास पण अंगावर येत नाही. आणि पाणी संपलं की आपोआप बंद होतो का, हे तर पाहिजेच पाहिजे, ह्यात तडजोड नाही. कोरडी चकती चालत राहिली की जळते.

दुकानात गेल्यावर लाजायचं नाही. सरळ म्हणायचं, भाऊ, ह्यात जरा पाणी टाकून चालू करून दाखवा. झाकण काढून आधी आतून वास घ्या, नवीनच मशीनला झणझणीत प्लॅस्टिकचा वास येत असेल तर तो तेलाबरोबर तुमच्या हॉलमध्ये येणार आहे. मग आत हात घालून बघा, टाकीला कोपरे, खाचा किती आहेत, तुमची दोन बोटं आणि एक फडकं तळापर्यंत आरामात पोचतं का. बाटलीसारखं निमुळतं तोंड असलेले, कमळाच्या आकाराचे, फुलदाणीसारखे, हे सगळे दिसायला एक नंबर आणि धुवायला डोकेदुखी, सोडून द्या. टाकीचं मटेरियल पीपी (पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लॅस्टिक) आहे का विचारा, तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो. लिंबू, संत्रं, मोसंबी ह्यांच्या तेलात लिमोनिन असतं, ते हलक्या प्लॅस्टिकला हळूहळू खातं, टाकी चिकट होते, पांढुरकी होते, तडे पडतात, पीपी त्यातल्या त्यात टिकतं. चालू केल्यावर कान जवळ नेऊन आवाज ऐका, दुकानात ट्रॅफिकच्या आवाजात काही कळत नाही पण रात्री अकराला बेडरूममध्ये तीच घरघर ऐकू येते. लाइट वेगळा बंद करता येतो का बघा, काहींचा लाइट बंद केला की मशीनच बंद होतं, आणि निळा लाइट चालू ठेवून कोण झोपणार. अडॅप्टर वेगळा येतो बहुतेकदा, २४ व्होल्टचा, त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नंबर छापलाय का ते बघून घ्या आणि बिघडला तर सुटा मिळेल का हेही विचारा. यूएसबीवाले छोटे मिळतात ते ऑफिसच्या टेबलावर, गाडीत ठीक, खोलीला नाही पुरत. रिमोट आणि ब्लूटूथ स्पीकर असलेले पण आहेत, त्याच्या नादी लागू नका, एक बिघडलं की सगळंच दुरुस्तीला.

तेलाबद्दल जरा जास्त बोलते कारण फसवाफसवी इथेच आहे. बाटलीवर "अरोमा ऑइल" किंवा "फ्रेग्रन्स ऑइल" लिहिलं असेल तर ते बनवलेलं सुगंधी द्रव्य आहे, झाडातून काढलेलं इसेन्शियल ऑइल नाही. ते वाईटच असतं असं नाही, पण त्याला इसेन्शियल ऑइलची किंमत देऊ नका. खऱ्या बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं, लव्हेंडर असेल तर लॅव्हेन्डुला अँगस्टिफोलिया असं, बॅच नंबर असतो, बाटली गडद काचेची असते, प्लॅस्टिकची नाही, आणि तोंडाला थेंब थेंब पडायचं बूच असतं. किमतीवरून पण ओळखता येतं. एकाच कंपनीची गुलाब, चंदन, लव्हेंडर, गवती चहा सगळी तेलं एकाच भावात, दीडशेला एक, असली तर समजून जा. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, ते दीडशे रुपयात कसं येईल. नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे आणि आजही दिंडोरी तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो, त्यामुळे "इथलंच लोकल गुलाबाचं तेल आहे ताई" असं कुणी म्हटलं की खरं वाटतं, पण पॉलिहाऊसचे ते लांब दांड्याचे गुलाब बुकेसाठी असतात, तेल काढायच्या जाती वेगळ्या. गवती चहाचं तेल, निलगिरी, पुदिन्याचं तेल ही आपल्या देशात भरपूर होतात, त्यामुळे स्वस्तात पण खरी मिळतात, सुरुवात ह्यातल्या एकाने करा. गवती चहाचं तेल एकदा घेऊन बघाच, पावसात चहा उकळल्यासारखा घरभर वास, आणि लव्हेंडरपेक्षा आपल्या लोकांना तो जास्त आवडतो असा माझा अंदाज आहे.

घरी तपासायचं असेल तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि पंख्याखाली ठेवून द्या. लव्हेंडर, निलगिरी, लिंबू असली पातळ तेलं उडून जातात, मागे फार तर हलका डाग. दुसऱ्या दिवशी पण भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग दिसत असेल तर त्यात दुसरं कुठलं तरी तेल मिसळलंय. वाळा, चंदन ही जाड तेलं मात्र शुद्ध असली तरी डाग ठेवतात, त्यांना हा नियम लावू नका. खोबरेल, बदामाचं तेल, मालिशचं तेल, अत्तर ह्यातलं काहीही अल्ट्रासोनिकमध्ये टाकायचं नाही, चकती बुजते. वाळ्याचं जाड तेल पण अगदी एखादाच थेंब, तोही दुसऱ्या पातळ तेलात मिसळून.

प्रमाण म्हणाल तर १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे १० मिलीच्या बाटलीत दोनशेच्या आसपास थेंब, रोज पाच वापरले तर बाटली चाळीस दिवस जाते. म्हणून म्हटलं ना, चारशे-पाचशेचं चांगलं लव्हेंडर महाग वाटतं पण रोजचे दहा-बारा रुपये पडतात. आधी पाणी, मग तेल, आणि पाणी मॅक्सच्या रेघेच्या वर नाही. वर गेलं की धुकंच नीट होत नाही, लोकांना वाटतं मशीन बिघडलं.

ठेवायचा कुठे, तर कमरेएवढ्या उंचीवर, खाली एक ताटली किंवा टाइलचा तुकडा ठेवून, कारण आजूबाजूला ओल येतेच आणि पॉलिशच्या फर्निचरवर तेलाचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा. सीलिंग फॅनच्या बरोबर खाली नको. टॉवेल, टेबलक्लॉथ असल्या मऊ कापडावर नको, बहुतेकांची हवा आत घ्यायची जाळी तळाला असते, ती झाकली की मशीन गुदमरतं. देवघराजवळ तर नकोच, नुसतं तेल लगेच पेट घेतं, बाटली निरांजनापासून लांब.

धुवायचं कसं ते आता नीट वाचा, सगळं त्यावर आहे. वापरून झालं की उरलेलं पाणी त्याच दिवशी ओतून टाका, उद्यासाठी ठेवायचं नाही, दोन दिवसात टाकी बुळबुळीत होते आणि मग वास घ्यायच्या ऐवजी आपण ती घाण हवेत उडवतो. ओतताना प्लग काढा आणि टाकीच्या आतल्या कडेला बघा, एका बाजूला वर आलेलं छोटं चौकोनी नाहीतर गोल भोक दिसेल, पंख्याची हवा तिथून येते. त्या बाजूने पाणी ओतायचं नाही, बरोबर त्याच्या उलट बाजूने ओतायचं. हे भोक भिजलं की पाणी थेट खाली सर्किटमध्ये, आणि बरेच डिफ्युझर असेच मरतात, वॉरंटीत पण बसत नाही. म्हणूनच नळाखाली धरून धुवायचं पण नाही. ओतून झालं की सुक्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा टाकीत पाणी, त्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूसत्त्व, पाच मिनिटं तसंच ठेवा, ओता, मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून ती तळातली चकती हलक्या हाताने गोल गोल पुसा. काडीला पिवळट तपकिरी येतं ते जुनं तेल. चकती परत चकचकीत दिसली पाहिजे. टाचणी, चाकू, तारेची घासणी अजिबात नाही, एक ओरखडा आणि धुकं अर्धं. वाफ कमी झाली की शंभरातल्या नव्वद वेळा चकतीच घाण असते, दुकानात न्यायच्या आधी हे करून बघा. तेल बदलताना पण पुसून घ्या, नाहीतर कालची निलगिरी आणि आजचं संत्रं एकत्र.

घ्यायचं कुठून? बघायला, हाताळायला दुकान बरं, कॉलेज रोड, सिटी सेंटर मॉल वगैरे, कापूरदाणी आणि मातीचे दिवे मात्र पंचवटीत किंवा रविवार कारंजाच्या बाजूला पूजेच्या साहित्याच्या दुकानांत स्वस्त पडतात आणि चॉइस जास्त. ऑनलाइन घेणार असाल तर पाच स्टारवाल्या कमेंट सोडा, तीन आणि दोन स्टारवाल्या वाचा, त्यात "तीन महिन्यांनी वाफ बंद" असं सारखं सारखं येत असेल तर पुढे चला. ऑनलाइनवाल्यांचं आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, टाकीला बारीक चीर असेल तर नंतर कुणी ऐकत नाही. आणि एकाच सेटमध्ये मशीन प्लस सहा तेलं फ्री असं असेल तर ती सहा तेलं फ्री आहेत तेवढीच त्यांची किंमत समजा, मशीन चालतंय का हे बघायला एखादं वापरा. खोका आणि बिल वर्षभर माळ्यावर राहू द्या, अडॅप्टर पहिल्या वर्षातच जातो गेला तर.